लहार : ज्वालामुखीचा चिखलपूर

ज्वालामुखी म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे आग उभी राहते. नावातच ज्वाला असल्यामुळे सारे भय आपण लाव्हारसाच्या खाती मांडतो. प्रत्यक्षात लाव्हारस बहुधा इतका संथ वाहतो की माणसाला चालतही त्याच्यापासून दूर जाता येते. ज्याच्यापुढे धावूनही उपयोग होत नाही, तो असतो चिखलाचा लोंढा. त्याचे शास्त्रीय नाव 'लहार'.

शब्द जावा बेटावरचा आहे. तेथे १९१९ साली केलूद ज्वालामुखीने आपल्या मुखातील सरोवराचे पाणी बाहेर फेकले आणि त्या चिखलपुरात सुमारे पाच हजार माणसे दगावली. पुढे १९२२ मध्ये बेरेंड एशर या डच भूवैज्ञानिकाने हा स्थानिक शब्द शास्त्रात आणला. तो आज जगभर तसाच वापरला जातो.

लहार तयार होण्यासाठी दोनच वस्तू लागतात. एक, उतारावर साठलेली राख व दगडगोटे. दुसरी, पाणी. ते सरोवराचे असेल, वितळलेल्या बर्फाचे असेल किंवा पावसाचेही असेल. दोन्ही एकत्र आले की ओल्या काँक्रीटसारखा रबरबीत लोंढा नदीच्या पात्रातून खाली सुटतो. वाटेतले खडक, झाडे, पूल तो उचलून नेतो आणि थांबला की घट्ट बसतो.

या शब्दाचा अर्थ जगाला कळला तो कोलंबियातील आर्मेरो गावामुळे. १३ नोव्हेंबर १९८५ च्या रात्री नऊच्या सुमारास नेवादो देल रुईस या हिमाच्छादित पर्वताचा उद्रेक झाला. उद्रेक तसा मोठा नव्हता; पण शिखरावरचे काही बर्फ वितळले आणि अडीच तासांनी लहार सत्तरहून अधिक किलोमीटर दूरच्या आर्मेरोवर येऊन आदळला. एकूण सुमारे तेवीस हजार माणसे गेली. धोका कोठे आहे हे दाखवणारा नकाशा महिनाभर आधीच तयार झाला होता. १८४५ साली त्याच जागी असाच चिखल येऊन गेला होता. तरीही दुपारी राख पडू लागली तेव्हा रहिवाशांना घरात शांत बसण्यास सांगण्यात आले. राखेपासून बचावासाठी घर ठीक. लहारपासून बचावासाठी मात्र नदीकाठ सोडून उंचावर जावे लागते.

म्हणूनच शब्द नेमका वापरणे महत्त्वाचे. लहार म्हणजे लाव्हा नव्हे. अंदमानातील बाराटांग बेटावर 'चिखलाचा ज्वालामुखी' पाहायला मिळतो, तोही लहार नव्हे. तेथे जमिनीखालील वायूमुळे चिखल वर येतो. आपल्या पुणे जिल्ह्यात २०१४ साली माळीण गाव गाडले गेले, तीही दरड होती. सह्याद्रीचा खडक लाव्हारसातूनच घडलेला असला, तरी तेथील ज्वालामुखी कोट्यवधी वर्षांपूर्वीच शांत झाले आहेत. 'लहार' हे नाव ज्वालामुखीच्या उतारावरून येणाऱ्या लोंढ्यालाच द्यावे.

मात्र लहार येण्यासाठी त्याच वेळी उद्रेक व्हायलाच हवा असे नाही. फिलिपिन्समधील पिनातुबोचा महाउद्रेक १९९१ चा. पण त्याची राख पुढची अनेक वर्षे पावसाबरोबर खाली येत राहिली आणि १९९५ मध्ये बाकोलोर हे गाव तिच्याखाली गाडले गेले. न्यूझीलंडमध्ये २४ डिसेंबर १९५३ च्या रात्री रुआपेहू पर्वत शांत होता. पण त्याच्या मुखसरोवराचा बांध फुटला, लहारने तांगीवाईजवळचा रेल्वेपूल खिळखिळा केला आणि नाताळासाठी निघालेल्या गाडीतील १५१ जण मृत्युमुखी पडले.

त्याच पर्वताचे सरोवर १८ मार्च २००७ रोजी पुन्हा फुटले. या वेळी नदीवर धोक्याची सूचना देणारी यंत्रणा बसवलेली होती. इशारा मिळताच रस्ते आणि रेल्वे बंद झाली, लहार वाहून गेला आणि कुणाला इजाही झाली नाही. पर्वत तोच होता, चिखलही तसाच होता. फरक एवढाच, की या खेपेस काय येणार हे लोकांना ठाऊक होते.