विश्लेषण : नव्या लॅपटॉपसोबत आलेला अँटिव्हायरस ठेवावा की काढावा?

नवा लॅपटॉप पहिल्यांदा सुरू केला, वाय-फाय जोडले, की थोड्याच वेळात पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात एक चौकट उघडते. ‘तुमच्या संरक्षणाचे ३० दिवस उरले आहेत,’ असे ती सांगते. ‘विंडोज १०’चे नियमित मोफत पाठबळ १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपल्यानंतर जुना संगणक बदलणाऱ्या अनेकांच्या वाट्याला ही चौकट आली आहे. ती बंद केली की दोन दिवसांनी पुन्हा येते. पैसे भरावेत, दुर्लक्ष करावे की ते सॉफ्टवेअरच काढून टाकावे?

हा अँटिव्हायरस लॅपटॉपमध्ये येतो कसा?

मॅकॅफी, नॉर्टन यांसारख्या कंपन्या लॅपटॉप उत्पादकांशी करार करतात. त्यानुसार कारखान्यातच त्यांचे सॉफ्टवेअर लॅपटॉपमध्ये भरले जाते. बहुतेक वेळा ती ठरावीक दिवसांची चाचणी आवृत्ती असते, काही मॉडेलवर पूर्ण वर्षाचा परवानाही मिळतो. लॅपटॉपच्या धंद्यात नफ्याचे प्रमाण कमी असल्याने असे करार उत्पादकाला हवेच असतात. थोडक्यात, हे सॉफ्टवेअर तुमची गरज पाहून कोणी निवडलेले नसते. ते वाईटच असते असे नाही, पण ती आधी जाहिरातीची जागा आहे, हे लक्षात ठेवावे.

ते काढले तर संगणक उघडा पडतो का?

नाही. बहुतेकांचा गैरसमज इथेच होतो. ‘विंडोज ८’पासून, म्हणजे २०१२ पासून, विंडोजमध्ये मायक्रोसॉफ्टचा स्वतःचा अँटिव्हायरस असतो. आज त्याचे नाव ‘मायक्रोसॉफ्ट डिफेंडर’. त्याला वेगळे पैसे पडत नाहीत, मुदत नसते आणि तो विंडोजच्या अपडेटबरोबर अद्ययावत होत राहतो. दुसरा अँटिव्हायरस बसवलेला असला की डिफेंडर आपणहून बाजूला होतो, कारण दोन पहारेकरी एकाच फाइलवर झडप घालू लागले तर संगणक मंदावतो. दुसरा काढला की डिफेंडर पुन्हा कामाला लागतो. त्यामुळे ‘अँटिव्हायरस हवा की नको’ हा प्रश्नच उरत नाही. दोघांपैकी कोणता, एवढेच ठरवायचे असते.

डिफेंडर पुरेसा आहे का? एकेकाळी नव्हता. त्याचा पूर्वज असलेल्या ‘सिक्युरिटी इसेन्शियल्स’ला २०१२च्या अखेरीस जर्मनीतील ‘एव्ही-टेस्ट’ या चाचणी संस्थेचे प्रमाणपत्रही मिळाले नव्हते. ‘विंडोजचे फुकटचे काही कामाचे नाही’ ही समजूत त्या काळातली आहे. गेल्या काही वर्षांत त्याच संस्थेच्या चाचण्यांत डिफेंडर सशुल्क उत्पादनांच्या बरोबरीने गुण मिळवताना दिसतो.

त्यात उणिवाही आहेत. संशयास्पद संकेतस्थळ अडवणारे मायक्रोसॉफ्टचे ‘स्मार्टस्क्रीन’ त्यांच्या ‘एज’ ब्राउझरमध्ये काम करते, क्रोम वापरणाऱ्याला गुगलच्या यंत्रणेवर विसंबावे लागते. फाइली ओलीस ठेवणाऱ्या रॅन्समवेअरपासून ठरावीक फोल्डर वाचवणारी ‘कंट्रोल्ड फोल्डर अ‍ॅक्सेस’ ही सोय मुळात बंद असते, ती स्वतः सुरू करावी लागते.

खरी जोखीम असते ती अर्धवट अवस्थेत. चाचणीची मुदत संपली आहे, नव्या व्हायरसची माहिती येणे थांबले आहे आणि सॉफ्टवेअर मात्र तसेच बसून आहे. अशा वेळी डिफेंडरने सूत्रे हाती घ्यावीत, अशी व्यवस्था विंडोजमध्ये आहे, पण ती गृहीत न धरता स्वतः तपासावे. चौकट रोज बंद करत वर्ष काढणे हा सर्वांत वाईट पर्याय आहे.

मग आपल्याकडे विकत घेण्याची सवय कुठून आली?

ती सवय चुकीची नव्हती. ‘विंडोज एक्सपी’मध्ये अँटिव्हायरस नव्हता. इंटरनेट कमी आणि पेन ड्राइव्हची देवाणघेवाण जास्त असल्याने व्हायरस सायबर कॅफे, झेरॉक्सचे दुकान आणि कॉलेजच्या लॅबमधून घरी येत. त्याच गरजेतून पुण्यात ‘क्विक हील’ उभी राहिली. कैलास काटकर यांचा मूळ व्यवसाय कॅल्क्युलेटर आणि नंतर संगणक दुरुस्तीचा. दुरुस्तीला येणाऱ्या संगणकांतील व्हायरस काढण्यासाठी त्यांचे बंधू संजय यांनी नव्वदच्या दशकात प्रोग्राम लिहिले आणि त्यातून कंपनी वाढली. २०१६ मध्ये ती शेअर बाजारात आली. गावोगावच्या डीलरने लॅपटॉपच्या बिलात अँटिव्हायरसचा खोका जोडण्याची प्रथा त्या काळातली. विंडोज बदलले, बिल तसेच राहिले.

वाद नूतनीकरणाचा का होतो?

पहिल्या वर्षी सवलत, कार्डाचा तपशील घेतलेला आणि पुढच्या वर्षी जास्त दराने आपोआप वसुली, या पद्धतीवर अनेक देशांत आक्षेप घेतले गेले. ब्रिटनच्या स्पर्धा प्राधिकरणाने चौकशी केल्यानंतर २०२१ मध्ये मॅकॅफी आणि नॉर्टनला नूतनीकरणाची किंमत व तारीख स्पष्ट सांगण्याची आणि उरलेल्या काळाचे पैसे परत देण्याची हमी द्यावी लागली.

भारतात कार्डावरून अशी वसुली करण्यापूर्वी ग्राहकाला किमान २४ तास आधी कळवण्याचे बंधन रिझर्व्ह बँकेच्या नियमांनी १ ऑक्टोबर २०२१ पासून लागू झाले. तो संदेश जाहिरात समजून पुसू नये. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी फसव्या मांडणीचे १३ प्रकार अधिसूचित केले. त्यांत खोटी घाई दाखवणे, सारखे टोचत राहणे, वर्गणीच्या सापळ्यात अडकवणे आणि व्हायरस असल्याचे भासवून घाबरवणे यांचा समावेश आहे. कोपऱ्यातील प्रत्येक चौकट या व्याख्येत बसते असे नाही, पण ग्राहकाला आता तक्रारीचा आधार आहे.

सुरक्षेचे सॉफ्टवेअरच धोका ठरू शकते?

अँटिव्हायरस संगणकातील जवळपास सर्व काही पाहू शकतो, म्हणून तो कोणाचा आहे हे महत्त्वाचे. अव्हास्टने वापरकर्त्यांच्या ब्राउझिंगची माहिती ‘जम्पशॉट’ या उपकंपनीमार्फत विकल्याबद्दल अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने फेब्रुवारी २०२४ मध्ये १ कोटी ६५ लाख डॉलर भरण्याचा आदेश जाहीर केला. आधीच भरून येणाऱ्या सॉफ्टवेअरचे सर्वांत गाजलेले प्रकरण अँटिव्हायरसचे नव्हे, ‘सुपरफिश’ या जाहिरात-सॉफ्टवेअरचे. २०१४ मध्ये विकलेल्या लेनोवोच्या काही लॅपटॉपमध्ये ते होते. ब्राउझर आणि संकेतस्थळ यांच्यातील सुरक्षित संवाद ते मध्येच उघडत असे आणि त्याची गुप्त किल्ली सगळ्या लॅपटॉपमध्ये एकच होती! २०१५ मध्ये हे उघड झाले, २०१७ मध्ये लेनोवोने अमेरिकेतील ३२ राज्यांशी ३५ लाख डॉलरची तडजोड केली.

मग कोणी ठेवावा?

लॅपटॉप कार्यालयाचा असेल तर काहीही काढू नये, तो निर्णय तुमचा नाही. वर्षभराचा परवाना लॅपटॉपच्या किमतीतच मिळाला असेल आणि संगणक मंदावत नसेल, तर वर्षभर ठेवायला हरकत नाही. मात्र कार्डाचा तपशील देऊ नये. मुलांच्या वापरावर लक्ष, पासवर्ड सांभाळणे, एकाच परवान्यात चार-पाच उपकरणे किंवा अडचण आल्यास फोनवर बोलायला माणूस हवा असेल, तर सशुल्क उत्पादन जरूर घ्यावे, पण स्वतः दर तुलना करून. घरच्या बाकीच्या वापरकर्त्यांनी चाचणी आवृत्ती पहिल्याच आठवड्यात काढावी, असे माझे मत आहे. वाचलेल्या पैशांत बॅकअपसाठी बाहेरची हार्ड डिस्क घ्यावी. ओटीपी विचारून होणारी फसवणूक तर कोणताच अँटिव्हायरस थांबवत नाही.

काढायचा कसा?

‘सेटिंग्ज’मधील ‘अ‍ॅप्स’ आणि त्यातील ‘इन्स्टॉल्ड अ‍ॅप्स’ येथून. एकाच कंपनीची दोन-तीन अ‍ॅप्स असतात, ती सगळी काढावीत आणि लॅपटॉप रीस्टार्ट करावा. अवशेष राहिलेच तर मॅकॅफी व नॉर्टन यांच्या अधिकृत संकेतस्थळांवर ते साफ करणारे मोफत साधन मिळते. त्यानंतर ‘विंडोज सिक्युरिटी’ उघडून ‘व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन’मध्ये डिफेंडर सुरू झाल्याची खात्री करावी.

सॉफ्टवेअर काढल्यावरही ‘तुमच्या अँटिव्हायरसचे नूतनीकरण झाले, रद्द करण्यासाठी या क्रमांकावर फोन करा’ असा ईमेल येऊ शकतो. या कंपन्यांची नावे वापरून असे बनावट ईमेल जगभर पाठवले जातात. त्यातील क्रमांक फिरवू नये, खात्यातून खरेच पैसे गेले आहेत का ते बँकेच्या अ‍ॅपमध्ये पाहावे. फसवणूक होऊन पैसे गेले असल्यास १९३० या राष्ट्रीय सायबर मदत क्रमांकावर लगेच कळवावे.