तालीम आहे, वस्ताद कोठे आहे?

गेल्या उन्हाळ्यात आमच्या भावकीतील एका बावीस वर्षांच्या मुलास दवाखान्यात न्यावे लागले. तक्रार साधीच होती; सारखी तहान लागे आणि अंग गळून जाई. रक्त तपासले तो साखर इतकी वाढलेली निघाली की, घरात पूर्वी कोणास मधुमेह होता काय, असे डॉक्टरांनी वडिलांस दोनदा विचारले. कोणासच नव्हता. आजोबा ऐंशी ओलांडूनही रोज मळ्यापर्यंत पायी जातात. त्या घरी दोन दुभत्या म्हशी आहेत, दीड एकर द्राक्षबाग आहे, उरलेल्या रानात ऊस आहे. म्हशीचे दूध पहाटे डेअरीस जाते. मुलगा मात्र चहात खारी बुडवून खातो, दुपारी पलूसच्या चौकात वडापाव खातो आणि तहान रंगीत गोड पाण्याच्या बाटलीने भागवितो. मळा घरापासून अर्ध्या कोसावर असून तेथे तो मोटारसायकलीवाचून जात नाही.

हे एकाच घरचे गाऱ्हाणे असते तर आम्ही ह्या मासिकाची जागा अडविली नसती. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या साह्याने झालेली देशव्यापी पाहणी 2023 साली प्रसिद्ध झाली. तीप्रमाणे आपल्या देशात 10 कोटींहून अधिक माणसे मधुमेही आहेत. शहरांत हे प्रमाण खेड्यांहून बरेच अधिक आहे खरे. परंतु जे अद्याप रोगी नसून रोगाच्या उंबरठ्यावर उभे आहेत, त्यांच्या प्रमाणात खेडे आणि शहर ह्यांत जवळजवळ भेदच उरलेला नाही. म्हणजे शहरात जे आज आहे ते आपल्या दारी उद्या यावयाचे आहे.

ह्यावर शेतकरी बंधू एक ठरावीक उत्तर देतात : 'शेतातले काम हाच आमचा व्यायाम.' हे उत्तर आपल्या वडिलांच्या तोंडी शोभत होते. आता नांगरट ट्रॅक्टर करतो, पाणी ठिबकाने जाते, औषधफवारणी यंत्राने होते, आणि छाटणी-विरळणीस मजूर येतात. हे सुधारलेले शेत आपणच कष्टाने उभे केले आहे, त्याबद्दल खेद करण्याचे कारण नाही. पण शरीराचे जे श्रम आपण यंत्रावर सोपविले, त्यांच्या जागी मुलांस दुसरे काय दिले, हा हिशेब कोणी मांडला नाही. जागतिक आरोग्य संघटना 5 ते 17 वर्षांच्या मुलामुलींस रोज सरासरी 60 मिनिटे तरी अंग चांगले हालेल असा व्यायाम सांगते. आपल्या मुलांपैकी कितीजणांस तो घडतो, हे ज्याने त्याने आपल्या घरी पाहावे.

वास्तविक ही विद्या आम्हांस कोणी बाहेरून येऊन शिकवावी अशी स्थिती नव्हती. आज पलूस तालुक्यात असलेले कुंडल गाव पूर्वी औंध संस्थानात होते, आणि 1910 साली किर्लोस्करवाडीचा कारखाना उभा राहिला तोही त्याच संस्थानच्या भूमीवर. त्या संस्थानचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी ह्यांनी आपल्या शाळांतून सूर्यनमस्कार सुरू केले. राजाज्ञेने मुले वाकली असती, पण टिकली नसती; ती टिकली ह्याचे कारण आमच्या मते हे की, राजा स्वतः रोज नमस्कार घालीत असे आणि ते लोकांस ठाऊक होते. पुढे 1942 नंतरच्या प्रतिसरकारच्या काळात ह्याच कुंडलात जी. डी. बापू लाड ह्यांच्या नेतृत्वाखाली तुफान सेनेत तरुणांस शिक्षण मिळाले. आजही कुंडलच्या कुस्ती मैदानास दूरदूरचे मल्ल येतात. आणि शेजारच्या कराडजवळील गोळेश्वरचे खाशाबा जाधव ह्यांनी 1952 साली हेलसिंकी येथे कांस्यपदक मिळविले, ते जाण्यासाठी कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर ह्यांनी आपले घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले होते. शिष्यासाठी घर गहाण टाकणारा गुरू ज्या मुलखात होऊन गेला, त्याच मुलखात आज तालमीची किल्ली कोणाजवळ आहे हे विचारीत हिंडावे लागते.

आमच्या पाहण्यातील पुष्कळ तालमींच्या इमारती नव्या आहेत, फरशी गुळगुळीत आहे, दारावर देणगीदारांची नावे आहेत. हौद्यातील माती मात्र दगडासारखी घट्ट झाली आहे. माती उकरावयास, तीत ताक, तेल, हळद घालून ती जिवंत ठेवावयास माणूस लागतो. पूर्वी तो वस्ताद असे. वस्ताद डाव शिकवी हे त्याचे अर्धे काम झाले. पोरगा पहाटे उठला की नाही, रात्री काय खाल्ले, कोणाच्या संगतीत हिंडतो, तंबाखूचा वास तर येत नाही ना, हे सगळे तो पाही. बापाचे न ऐकणारा मुलगा वस्तादाचे ऐके. कारण बाप सांगत असे, आणि वस्ताद त्याच्याबरोबर बैठका मारीत असे. भिजविलेले हरभरे, मोडाची मटकी, शेंगदाणे-गूळ, दूध आणि ज्वारीची भाकरी हा खुराक व्याख्यानाने मुलांच्या गळी उतरत नाही; चारजण एका पंगतीस बसून खाऊ लागले म्हणजे पाचवा आपोआप हात पुढे करतो.

जुन्या तालमीत दोष नव्हते असे नाही. मुलींस तेथे उंबरठाही ओलांडता येत नसे. आता मुलीही आखाड्यात उतरू लागल्या आहेत, तेव्हा ही आडकाठी गावाने स्वतःहून काढावी. दुसरे असे की, मल्लाचा खुराक घाम गाळणाऱ्यास पचतो; कुस्ती सुटली आणि खुराक तसाच चालू राहिला म्हणजे तेच अंग ओझे होते. अशी माणसे प्रत्येक गावात दाखविता येतील. आणि आजकाल झटपट अंग भरावे म्हणून डबे आणि इंजेक्शने विकणारे जे निपजले आहेत, त्यांस तालमीच्या वाऱ्यासही उभे करू नये.

आमची सूचना मोठ्या खर्चाची नाही. प्रत्येक गावात वीस ते तीस वयाचे, निर्व्यसनी आणि गावातच राहणारे दोन तरुण, आणि शक्य तेथे एक तरुणी, निवडावी. प्रत्येकाकडे दहा ते सोळा वयाची दहा-बारा मुलेमुली सोपवावीत. सकाळी तासभर नमस्कार, जोर-बैठका, धावणे, खो-खो, ज्यास आवड असेल त्यास कुस्ती. मानकरी मल्ल निपजविणे हा येथे हेतू नसून सामान्य अंगाचे मूल चाळिशीपर्यंत धडधाकट राहावे एवढाच आहे. तास संपल्यावर सर्वांनी तेथेच मोड आलेले कडधान्य खावे आणि पेलाभर दूध प्यावे. दूध सभासदांच्या घरून पाळीपाळीने यावे. भिलवडीस 1939 पासून दुधाचा धंदा वाढलेल्या ह्या मुलखास ते जड जाऊ नये. ह्या तरुणांस मंडळाने थोडे तरी मानधन द्यावे. फुकटचे काम दोन महिने चालते, असा आमचा अनुभव आहे. तालमीचे दार तासभर उघडे असावे आणि पालकांपैकी एकाने रोज आळीपाळीने तेथे बसावे. मुले दुसऱ्याच्या हाती देताना एवढी खबरदारी घेणे हा कोणाचाही अपमान नव्हे.

'अभ्यास बुडेल' ही आयांची शंका आम्हांस ठाऊक आहे. पहाटेचा तास अभ्यासातून जात नसून बहुधा रात्री भ्रमणध्वनीवर जागण्यातून वसूल होतो, कारण पहाटे उठणारे मूल रात्री दहास आडवे होतेच.

वर सांगितलेल्या मुलाने डॉक्टरांच्या सल्ल्याने औषध आणि पथ्य चालविले आहे, आणि तो आता मळ्यात पायी जातो. त्याचा आठवीतील भाऊही सोबत जाऊ लागला आहे. त्यास कोणी सांगितले नव्हते.

हा विषय मंडळाच्या येत्या सभेत घ्यावा. ऑक्टोबरची छाटणी सुरू झाली म्हणजे कोणास श्वास घ्यावयास सवड नसते. म्हणून जूनमध्ये शाळा उघडण्यापूर्वी माणसे निवडली जावीत आणि हौद्याची माती एकदा उकरली जावी. त्यासाठी लागणारी चार कुदळी-फावडी आम्ही देऊ.