दानाची खतावणी

व्यापारी समाजास दानधर्माचे महत्त्व पटवून देण्याची आवश्यकता नाही. गावोगावच्या धर्मशाळा, पांजरपोळ व वसतिगृहे त्याची साक्ष देतच आहेत. विचार करावयाचा तो इतकाच की, सार्वजनिक जीवनात औदार्य म्हणावे तरी कशास? दानाच्या आकड्यास, की ते कोणाच्या पदरचे आहे यास? माळव्यातील धार व देवास येथील पूर्ववृत्त याविषयी पुष्कळ शिकविते.

धारचे नाव घेताच भोजराजा आठवतो. 'भोजप्रबंधा'त एक मार्मिक कथा आहे. कवींना अक्षरागणिक लक्ष मुद्रा मिळू लागल्या, तेव्हा धास्तावलेल्या प्रधानाने भिंतीवर लिहिले की, संकटासाठी धन राखावे. राजाने खाली लिहिले, श्रीमंतास संकट कोठले? लक्ष्मीच रुसली तर, असे प्रधानाने विचारताच राजा उत्तरला, मग साठविलेलेही जाईल! कथेत जय राजाचा होतो. परंतु हिशेबाची वही जाणणाऱ्या आपणांस प्रधानाचेही म्हणणे पटावयास हवे, कारण खजिना भरला होता तो रयतेने.

प्रधानाची भीती देवासात खरी ठरली. थोरल्या पातीचे महाराज तुकोजीराव तिसरे हे रसिक, भाविक व दिलदार. १९२१ साली त्यांच्या पदरी राहिलेले इंग्रज लेखक फॉर्स्टर यांनी १९५३ च्या आपल्या ग्रंथात त्यांचे अत्यंत प्रेमाने वर्णन केले आहे. गोकुळाष्टमीचा थाट मोठा, नव्या राजवाड्याचा संकल्पही मोठा. वाडा अपुरा राहिला, खजिना रिता झाला आणि संस्थान सोडून गेलेल्या महाराजांस १९३७ साली दूर पाँडिचेरीत देह ठेवावा लागला. हृदय मोठे होते, परंतु खतावणी जुळली नाही.

पुढे १९४८ साली धार व देवासच्या दोन्ही पात्या मध्य भारतात विलीन झाल्या. दात्याची गादी राहिली नाही. त्याच वर्षी क्षयाने जर्जर झालेला एक तरुण गायक हवापालटासाठी देवासास आला. ते कुमार गंधर्व. गाणे वर्ज्य झाले होते, मिळकत थांबली होती. पत्नी भानुमतीबाईंनी शिक्षिकेची नोकरी करून संसार व शुश्रूषा दोन्ही सांभाळली, देवास-इंदूरच्या स्नेह्यांनी धीर दिला. अंथरुणावरून कानी पडणारी माळव्याची लोकगीते हे तर त्या प्रांताच्या सामान्य जनांचेच दान होते. त्याची पावती कोणी फाडली नाही, की शिळा कोणी बसविली नाही. सुमारे पाच वर्षांनी कुमार पुन्हा गाऊ लागले. त्या लोकधुनांतून त्यांनी नवे राग घडविले आणि १९९२ मध्ये देवासातच अखेरचा श्वास घेतला. दरबारी लाखांनी जे साधले नाही, ते शेजारधर्माने साधले.

आपल्या परंपरेने आहार, औषध, ज्ञान व अभय अशी चार दाने सांगितली आहेत. त्यांत फलकाचा उल्लेख नाही. १९७१ साली संस्थानिकांचे तनखेही बंद झाले. राजाची जागा आता व्यापाऱ्याने घेतली आहे, आणि राजाचे दोषही आपल्याकडे येऊ पाहत आहेत. मुनिमाचा पगार थकवून सभामंडपास देणगी देणे, लहान व्यापाऱ्याचे देणे लांबवून अन्नसत्र घालणे, हे परक्या पैशाचेच औदार्य होय. २०१३ च्या कंपनी कायद्याने मोठ्या कंपन्यांस सरासरी नफ्याचे दोन टक्के समाजकार्यावर खर्चण्याचे बंधन घातले. ते योग्यच आहे. परंतु कायद्याने जे द्यावेच लागते ते कर्तव्य होय. औदार्य त्याच्या पुढे सुरू होते.

म्हणून व्यापारी बंधूंस आमची विनंती आहे. दानाची रक्कम लिहिण्यापूर्वी देण्याचे पान पाहावे. ते निरंक झाल्यावर जी शिल्लक उरेल, तिच्यातून मोकळ्या हाताने द्यावे आणि घेणाऱ्याची मान खाली जाणार नाही अशा रीतीने द्यावे. भोजाचा हात आणि प्रधानाची वही यांचा जेथे मेळ बसेल, तेथेच लक्ष्मी दीर्घकाळ नांदेल.