त्रेपन्नावा रामजन्म

"सर, हे तुमचं काम नाही. कशाला डोक्याला ताप करून घेता? मी दिवाळीला आलो की करून देतो."

हे वाक्य माझ्या एका माजी विद्यार्थ्याचं. पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये आहे. गुणी मुलगा, न चुकता फोन करतो. त्याच्या बोलण्यात माया होती, हे मला कळतं. तरीही ते वाक्य ऐकून मला राग आला. का आला, ते सांगतो.

झालं असं, की घरातल्या जुन्या कॅसेटी मी गावातल्या एका दुकानातून एमपी३ करून आणल्या. त्यात गीतरामायणाची सगळी ५६ गाणी होती. दुकानदारानं फाइलींना १ ते ५६ आकडे दिले आणि प्रत्येक आकड्यापुढे आपल्या दुकानाचं नाव आणि मोबाइल नंबर टाकला. (गदिमांचं नाव नाही, बाबूजींचं नाही, दुकानाचं मात्र ५६ वेळा!)

पेनड्राइव्ह छोट्या स्पीकरला लावला. लव-कुश रामापुढे गाऊ लागले. छान. पुढचं गाणं लागलं ते थेट विश्वामित्र रामाला मिथिलेला घेऊन निघतात ते. मग अहल्या, मग सीतास्वयंवर. रामाचा अजून जन्मच नाही! कागद घेऊन मोजलं. सहाव्या क्रमांकाचं रामजन्माचं गाणं या यंत्रात त्रेपन्नावं लागणार होतं. वाल्मीकींनी लव-कुशांना निरोपाचा उपदेश केल्यानंतर. आमची सौ. म्हणाली, "तुमच्या यंत्रात मुलं आधी आणि बाप नंतर!"

कारण अगदी साधं आहे. स्पीकरला संख्या कळत नाही, तो शब्दकोशासारखी नावं लावतो. 'कमळ' हा शब्द 'ख' च्या आधी येतो, तसं '१०' हे '२' च्या आधी येतं, कारण त्याची सुरुवात १ ने होते. संगणकाच्या पडद्यावर क्रम बरोबर दिसत होता, कारण तिथे आकड्याला आकडा म्हणून ओळखायची सोय आहे. म्हणून चूक आधी लक्षात आली नाही. उपायही साधाच. १ च्या जागी ०१, २ च्या जागी ०२. हजेरीपटावर आम्ही असंच लिहायचो.

आता ५६ फाइली हातानं बदलता आल्या असत्या. पण इतर कॅसेटींच्या मिळून आठशेच्या वर फाइली होत्या. म्हणून विद्यार्थ्याला विचारलं, "अरे, याची स्क्रिप्ट कशी लिहितात?" त्यावर वरचं उत्तर आलं.

मंडळी, मी मराठी माध्यमातून बी.ए. झालेला माणूस. जन्मभर व्याकरण शिकवलं. आणि दोन आठवडे पायथनशी झटापट केल्यावर ठामपणे सांगतो, की स्क्रिप्ट म्हणजे आज्ञार्थ आणि संकेतार्थ, बाकी काही नाही. 'या फोल्डरमधली प्रत्येक फाइल घे. नावाच्या सुरुवातीचा आकडा काढ. तो एकेरी असेल, तर पुढे शून्य लाव. उरलेलं शेपूट काप. नवं नाव दे.' झालं! दहा-बारा ओळी आणि मोजके इंग्रजी शब्द. सातवीच्या मुलाला जर-तरची वाक्यं समजतात, तर त्याच्या मास्तराला का समजू नयेत?

"हे तुमचं काम नाही" हे वाक्य मी नोकरीत फार ऐकलं. मुलींच्या बापांकडून गणिताबद्दल, मुलांच्या बापांकडून स्वयंपाकाबद्दल. ते बहुतेक वेळा प्रेमानंच बोललं जातं. पण परिणाम एकच होतो, माणूस कायमचा परावलंबी होतो. आणि गंमत अशी, की ज्या कामाला 'तुमचं नाही' म्हणतात ते बहुधा अवघड नसतंच. ते फक्त कुणी समजावून सांगितलेलं नसतं.

नावाची गोष्ट तर फारच महत्त्वाची. माझी जन्मतारीख कागदोपत्री १ जून आहे. माझ्या पिढीतल्या खेड्यापाड्यातल्या कितीतरी जणांची तीच आहे. शाळेत नाव घालताना खरी तारीख कुणाला सांगता येत नसे, मग गुरुजी सोयीची तारीख लिहीत. रजिस्टर ज्याच्या हातात, तो तुमचा जन्म ठरवतो. पुढे माझ्या हातात रजिस्टर आलं तेव्हा मीही तेच केलं आहे, कबूल करतो.

एमपी३ चं रजिस्टर तर आणखी मजेशीर आहे. फाइलीच्या आत 'टॅग' नावाची एक चिठ्ठी असते. १९९६ साली निघालेल्या पहिल्या पद्धतीत ही चिठ्ठी फक्त १२८ बाइटची होती. गाण्याचं नाव, कलाकार आणि अल्बम यांना प्रत्येकी ३० बाइट. गीतकाराला आणि संगीतकाराला रकानाच नाही! आकाशवाणीवर आपण गीत, संगीत आणि स्वर अशी तीन नावं ऐकत मोठे झालो. इथे जो गातो तोच कलाकार. आज प्रचलित असलेल्या यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेतं, काना-मात्राही वेगळ्या मोजल्या जातात. मी हिशेब केला. 'सुधीर फडके' २८ बाइटमध्ये बसतं. 'ग. दि. माडगूळकर' लिहायला ३७ लागतात. माझी सगळी नोकरी आटपाडी तालुक्यात झाली, गदिमांचं माडगुळं त्याच तालुक्यात. त्यांचं नाव त्यांच्याच गीतरामायणाच्या चिठ्ठीत मावेना!

१९९८ च्या दुसऱ्या पद्धतीत संगीतकाराला आणि गीतकाराला स्वतंत्र रकाने मिळाले. मग माझ्या फाइलींत ते रिकामे का? कारण भरणाऱ्याला ते आपलं काम वाटलं नाही. दुकानदाराला स्वतःचा नंबर भरणं हे मात्र आपलं काम वाटलं. म्हणून मी प्रत्येक फाइलीच्या नावातच गीत, संगीत आणि स्वर तिन्ही घातले आहेत.

यावर तीन आक्षेप येतात. पहिला, "आता सगळं ऑनलाइन मिळतं." मिळतं ना. पण १९९१ च्या आमच्या शाळेच्या स्नेहसंमेलनात माझ्या सहकारी बाईंनी गायलेलं गाणं कुठल्या ऑनलाइनवर आहे? बाई आता नाहीत. ते गाणं माझ्याकडे 'ट्रॅक १' या नावानं आहे. उद्या मी गेल्यावर 'ट्रॅक १' कोण ठेवेल? निनावी गोष्ट कचऱ्यात पहिली जाते.

दुसरा, "आता या वयात?" याला उत्तर द्यायची गरज वाटत नाही.

तिसरा आक्षेप नवा आणि जरा वजनदार आहे. "आता एआयला सांगितलं की तोच स्क्रिप्ट लिहून देतो." खरं आहे, देतो. मीही अडलं तिथे विचारलं. पण गाइडमधलं उत्तर उतरवणारा मुलगा आणि गाइड वाचून समजून घेणारा मुलगा यांत जो फरक, तोच इथे. माझी पहिली स्क्रिप्ट मी न वाचता चालवली. संमेलनाच्या कॅसेटच्या दोन बाजूंच्या फाइली होत्या, 'ट्रॅक १ अ' आणि 'ट्रॅक १ ब'. आकड्यानंतरचं शेपूट कापल्यावर दोन्हींचं नाव एकच झालं. विंडोजवर पायथन अशा वेळी हरकत घेऊन थांबतं. माझ्या जुन्या लॅपटॉपवर नातवानं उबुंटू घातलेलं, तिथे ते न बोलता एका फाइलीवर दुसरी ठेवतं. बाईंचं गाणं गेलं. प्रत काढलेली नव्हती. रात्रभर डोळा लागला नाही.

नशीब, कॅसेट फेकली नव्हती. पुन्हा दुकानात जाऊन ते गाणं उतरवून आणलं.

ही चूक यंत्राची नव्हती, माझी होती. मी ज्याला आज्ञा दिली, ती काय आहे हे मला माहीत नव्हतं. पण म्हणून 'हे तुमचं काम नाही' हे सिद्ध होत नाही, उलट हे माझंच काम होतं हे सिद्ध होतं. विद्यार्थ्यानं घाईत करून दिलं असतं तर त्याला कुठे ठाऊक होतं, की 'ब' बाजूला काय आहे?

त्यानंतर स्क्रिप्टमध्ये दोन गोष्टी घातल्या. आधी नुसती जुनं नाव आणि नवं नाव अशी यादी पडद्यावर दाखव, मी वाचून 'हो' म्हटल्याशिवाय काही बदलू नकोस. आणि नवं नाव आधीच कुणाचं असेल, तर थांब. शाळेच्या दाखल्यावर सही करण्याआधी मी जेवढं वाचायचो, तेवढंच हे वाचतो.

कुणाची नजर गेली असेल, हात कापत असेल, त्यानं जरूर दुसऱ्याकडून करून घ्यावं. पण शेजारी बसून, यादी वाचून घेऊन.

असो. विद्यार्थी दिवाळीला आला तेव्हा त्याला स्क्रिप्ट दाखवली. त्यानं एक चूक काढली, मी ती दुरुस्त केली. मग स्पीकर लावला. राम सहाव्या गाण्यात जन्मला.

तुमच्याकडे 'ट्रॅक १' असेल, तर आज त्याला नाव द्या. आधी प्रत मात्र काढा!