लंडन पाहायचे म्हणजे काय?

यात्रा कंपन्यांच्या जाहिरातींमुळे लंडन हल्ली अगदी दाराशी आल्यासारखे वाटते. बिग बेन, टॉवर ब्रिज, राजवाड्यासमोरील पहाऱ्याची बदली आणि मादाम तुसाँचे मेणाचे पुतळे, एवढे दोन दिवसांत उरकले की लंडन 'झाले'! छायाचित्रे भरपूर निघतात; परंतु त्या शहराशी आपले जे नाते आहे, त्याची ओळख राहूनच जाते.

वास्तविक मराठी माणसाने आवर्जून पाहावीत अशी घरे तेथे आहेत. चिरोल खटल्यासाठी गेलेले लोकमान्य टिळक १९१८-१९ मध्ये हाउली प्लेस येथील १० क्रमांकाच्या घरी राहिले. तेथे त्यांचा स्मृतिफलक आहे. किंग हेन्रीज रोडवरील १० क्रमांकाच्या घरात १९२१-२२ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर विद्यार्थी म्हणून राहत होते. अर्धपोटी राहून ते ब्रिटिश म्युझियमच्या ग्रंथालयात वाचीत बसत. त्या तपश्चर्येचे फळ म्हणजे रुपयाच्या प्रश्नावरील प्रबंध व १९२३ ची डी.एस्‌सी. पदवी. महाराष्ट्र शासनाने २०१५ मध्ये ते घर विकत घेऊन तेथे स्मारक केले. आपणां विद्यार्थ्यांना टॉवरमधल्या कोहिनूरपेक्षा हे घर अधिक मोलाचे वाटावयास हवे.

याच म्युझियममध्ये आंध्रातील अमरावतीच्या बौद्ध स्तूपाची शिल्पे आहेत. प्रवेशाला पैसे पडत नाहीत. तरीही आपला प्रवासी घड्याळ पाहत त्यांच्यासमोरून पुढे सरकतो. दगडाशी बोलायची सवयच त्याला नसते, आणि ती सवय परदेशात गेल्यावर एकाएकी लागत नाही.

कोणी म्हणेल, "आमच्या खिशात एस.टी.च्या भाड्यापुरते पैसे. लंडनच्या गोष्टी आम्हांला कशाला?" मित्रहो, म्हणूनच हा लेखनप्रपंच. आपल्याच भिवंडी तालुक्यात लोनाडला बौद्ध लेणे आहे, शिलाहारकालीन शिवमंदिर आहे. यंत्रमागांच्या या गावात शिकणाऱ्या आपल्यापैकी कितीजणांनी ते पाहिले असेल? ज्याने लोनाडच्या लेण्यापुढे घटकाभर थांबून विचार केला, तो उद्या लंडनला गेला तर काय पाहावे हे त्याला सांगावे लागणार नाही. आणि न गेला तरी त्याचे काही अडणार नाही.

इतिहास विभागाने दरवर्षी लोनाडची सहल काढावी आणि विद्यार्थ्यांनी तिचा वृत्तान्त याच अंकात लिहावा, एवढीच विनंती.