कादंबरी लिहिणाऱ्या घरचा महिना

वाचकहो, एप्रिल महिना आमच्या वस्त्यांमधला सर्वात धावपळीचा महिना असतो. ११ तारखेला महात्मा फुले जयंती, १४ तारखेला बाबासाहेबांची जयंती, मागोमाग वैशाखी पौर्णिमा. याच दिवसांत मंगल परिणय, हळदी, साखरपुडे आणि नामकरण विधी. जळगाव-धुळ्याचे ऊन डोक्यावर तापत असते आणि एकेका घरात चार-चार पत्रिका येऊन पडलेल्या असतात. कोणाकडे गेले नाही तर राग, गेले तर आहेराचा खर्च! तरीही हा आनंदाचा महिना आहे. वर्षभर राबणाऱ्या माणसाने नवे कपडे घालावेत, चार नातेवाईकांना भेटावे, गोडधोड खावे, यात गैर काहीच नाही.

पण या धावपळीत घरातल्या एका माणसाची चौकशी कोणी करीत नाही. तो म्हणजे घरातला लिहिणारा किंवा लिहिणारी.

कादंबरीकार म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर मोठे टेबल, पुस्तकांची कपाटे आणि शांत बंगला येतो. आपल्याकडे तसे नसते. आपल्याकडे कादंबरी लिहिणारा माणूस भुसावळला रेल्वेत असतो, कुठल्या शाळेवर मास्तर असतो, नाहीतर कचेरीत आमच्यासारखा खर्डेघाशी करतो. त्याची वही धान्याच्या कोठीवर असते आणि लिहिण्याची वेळ सगळे झोपल्यावर येते. अशा माणसाचा महिना कसा जातो? आम्ही वाणिज्य शाखेचे पदवीधर, तेव्हा प्रश्न पडला की जमाखर्च मांडायचा, ही आमची सवय. तो येथे मांडतो.

तीस दिवसांचे तास होतात ७२०. नोकरीचे २६ दिवस, रोजचे ८ तास, म्हणजे २०८. जाण्यायेण्याचे २ तास धरले तर ५२. झोप रोजची ७ तास, म्हणजे २१०. एकूण खर्च ४७०, शिल्लक २५०. आंघोळ, जेवण, पाणी भरणे, बाजार आणि मुलांचा अभ्यास यांना रोज ५ तास धरा, म्हणजे १५०. उरले १००. महिन्यात चार समारंभ आणि प्रत्येकाला जाऊन-येऊन १० तास, म्हणजे ४० गेले. उरले ६०. मंडळाच्या मीटिंगा १५, पाहुणे आणि दुखणीखुपणी १५. अखेरची शिल्लक ३० तास, म्हणजे रोजचा एक तास. या एका तासात कादंबरी बसवायची असते.

हा झाला पुरुषाचा जमाखर्च. आता बाईचा पाहा. नोकरी तीच, प्रवास तोच, झोप तेवढीच धरली तरी घरकामाचे ५ तास तिच्या खात्यावर ८ होतात. म्हणजे २४०. शिल्लक राहतात फक्त १० तास, आणि समारंभाचे ४० अजून वजा व्हायचेच आहेत. खाते उणे झाले! उणे आलेले तास ती कोठून आणते? स्वतःच्या झोपेतून. नाहीतर वही बंद करते.

आमच्या ओळखीच्या एका वहिनींनी ती जानेवारीपासून बंद केलेली आहे. वहिनी एका पतसंस्थेत नोकरीला आहेत. फुलस्केप वहीची १४० पाने त्यांनी लिहून ठेवली आहेत. विषय त्यांच्या आजीचा. आजी साक्री तालुक्यातल्या. १९७२ च्या दुष्काळात पोराला पाठीशी बांधून रस्त्याच्या कामावर खडी फोडायला गेल्या होत्या. त्या कामावर काय मिळत होते, मुकादम कसा बोलत होता, पाण्याच्या टाकीजवळ कोणाला थांबू देत नव्हते, हे सर्व आजींच्या तोंडी आहे. कागदावर एक अक्षर नाही. आजींनी ऐंशी ओलांडली आहे, ऐकायला कमी येते. कादंबरीचा तिसरा भाग याच दुष्काळाचा. आजी आहेत तोवर विचारून घेतले नाही, तर पुढे कोणाला विचारणार? वहिनींना आम्ही याबद्दल बोललो. त्या म्हणाल्या, "भाऊ, यंदा दिराचं लग्न आहे, नणंदेचं बाळंतपण आहे. पुढच्या वर्षी बघू." वाचकहो, ऐंशी ओलांडलेल्या माणसाच्या बाबतीत पुढचे वर्ष कोणी हातात धरून ठेवले आहे काय?

ही गोष्ट आपल्या खान्देशाने एकदा अनुभवलेली आहे. असोद्याच्या लेक आणि जळगावच्या सून असलेल्या बहिणाबाई चौधरींना लिहिता-वाचता येत नव्हते. जात्यावर आणि शेतात त्यांच्या तोंडून जे निघाले, त्यातले मुलाने आणि नात्यातल्या माणसाने टिपून ठेवले तेवढेच वाचले. ३ डिसेंबर १९५१ रोजी त्या गेल्या आणि १९५२ मध्ये आचार्य अत्र्यांच्या प्रस्तावनेसह त्यांच्या कविता पुस्तकरूपाने निघाल्या. आज आपल्या विद्यापीठाला त्यांचे नाव आहे. परंतु जे टिपले गेले नाही त्याचे काय? ते त्यांच्याबरोबरच गेले. घरातल्या कोणीतरी वही-पेन्सिल घेऊन जवळ बसावे लागते, एवढाच याचा अर्थ.

फलटणच्या बेबीताई कांबळे छोटे दुकान चालवीत. सामान बांधायला आलेल्या रद्दीतले कागद त्या वाचत आणि दुकानातच बसून लिहीत. लिहिलेले मात्र त्यांनी कित्येक वर्षे घरच्यांपासून दडवून ठेवले. 'जिणं आमुचं' १९८६ मध्ये पुस्तकरूपाने आले आणि पुढे त्याचा इंग्रजी अनुवादही झाला. ज्या बाईने समाजाचे जगणे जगापुढे ठेवले, तिला स्वतःची वही घरात लपवावी लागली. हे वाचून आपल्या घरातल्या पुरुषांनी थोडा वेळ गप्प बसून विचार करावा.

साने गुरुजी अमळनेरला शिक्षक होते. त्यांनी 'श्यामची आई' नाशिकच्या तुरुंगात फेब्रुवारी १९३३ मध्ये अवघ्या पाच दिवसांत लिहून काढली. तुरुंगात दुसरे कष्ट होते, पण लग्नाच्या पत्रिका आणि पाहुण्यांचा चहा नव्हता. आता आपल्या घरातल्या लेकी-सुनांना निवांत तास मिळण्यासाठी तुरुंगात जावे लागू नये, एवढे तर आपण करू शकतो ना?

काहींचे म्हणणे असते की, लेखनाला वेळ लागतोच कशाला, ज्याला लिहायचे तो कसाही लिहितो. ते अण्णा भाऊ साठ्यांचे उदाहरण देतात. अण्णा भाऊंची शाळा दीड दिवसाची. ते वाटेगावहून पायी मुंबईला आले, गिरणीत राबले, दुकानांच्या पाट्या वाचून अक्षरे पक्की केली आणि झोपडीत राहून कादंबऱ्या लिहिल्या. १९५९ ची 'फकिरा' बाबासाहेबांच्या झुंजार लेखणीला अर्पण केलेली आहे आणि १९६१ मध्ये तिला राज्य शासनाचा पुरस्कार मिळाला. हे सर्व खरे. पण त्याच अण्णा भाऊंचे १८ जुलै १९६९ रोजी, पन्नाशी गाठण्याआधीच, हलाखीत निधन झाले हेही खरे. त्यांच्या कष्टांचा गौरव करायचा आणि तेच कष्ट आपल्या घरातल्या लिहिणाऱ्याच्या माथी मारायचे, हा न्याय नव्हे.

आता वाचनाचे. जो वाचीत नाही त्याची लेखणी लवकर आटते. पुस्तके महाग आहेत हे आम्ही जाणतो. परंतु जळगावला व. वा. वाचनालय आहे, धुळ्याला गरुड वाचनालय आहे. एका लग्नातल्या फटाक्यांच्या पैशात घरातल्या दोघांची वाचनालयाची वर्गणी सहज भरून निघेल. महिन्यात दोनच पुस्तके आणावीत. एक लिहिणाऱ्याने स्वतःसाठी वाचावे. दुसरे रात्री जेवणानंतर दहा-दहा पाने सर्वांना ऐकू येईल असे मोठ्याने वाचावे. वाचायला मुलांना बसवावे, म्हणजे त्यांची जीभ वळेल आणि ज्यांना अक्षर येत नाही अशा म्हाताऱ्या माणसांच्या कानांवर चार चांगल्या गोष्टी पडतील. सांगवीचे भालचंद्र नेमाडे आपल्याच यावल तालुक्यातले. त्यांची 'कोसला' १९६३ मध्ये आली, 'हिंदू' २०१० मध्ये. दोन्ही आणून वाचाव्यात. पटेल ते घ्यावे, पटणार नाही त्यावर घरात वाद घालावा. कादंबरीवर वाद होणारे घर हे जागे घर होय.

राहिला प्रवास. अण्णा भाऊ १९६१ मध्ये रशियाला गेले आणि आल्यावर त्यांनी प्रवासवर्णन लिहिले. आपल्याला रशिया नको, साक्री पुरे. २०२४ च्या फेब्रुवारीत अमळनेरला अखिल भारतीय साहित्य संमेलन भरले, त्याच दिवसांत विद्रोही संमेलनही तेथेच झाले. दोन्हीकडे आपली किती माणसे मुलाबाळांसह गेली? लग्नाला आपण क्रूझर करून पन्नास कोस जातो. मग लिहिणारीला तिच्या कादंबरीतले गाव दाखवायला एक दिवस का काढू नये? मार्च २०२३ मध्ये एस.टी.ने बायकांना अर्धे तिकीट सुरू केले, तेव्हा खर्चाचे निमित्तही फारसे उरत नाही.

आता वहिनींच्या घरच्या मंडळींसाठी, आणि जेथे जेथे अशी वही बंद पडली असेल त्या सर्व घरांसाठी, आमचा हिशेब ऐका. कादंबरीला २४० पाने लागतील असे धरू. १४० झाली, १०० राहिली. एका तासात एक पान. घरातल्यांनी मिळून वहिनींचे रोजचे दोन तासांचे काम उचलावे. पाणी आणि भाजी नवऱ्याने, रात्रीची भांडी दिराने, मुलांचा अभ्यास सासऱ्यांनी. महिन्याला ६० तास जमा झाले. आधीच्या १० मध्ये मिळवून ७०, समारंभाचे ४० वजा जाता ३०. म्हणजे रोजचा एक तास, झोपेला हात न लावता!

१४ एप्रिलला जयंतीच्या दिवशी वही उघडली, तर ३१ जुलैपर्यंत १०९ दिवस होतात. शंभर दिवस शंभर पानांचे, नऊ दिवस लग्नाकार्याचे. त्या नवांतला एक साक्रीचा धरावा आणि तो सर्वात आधी घ्यावा. दीर सुट्टीवर असतील तर त्यांनी सोबत जावे आणि मोबाईलवर आजींचे बोलणे भरून घ्यावे. लग्नाचे चित्रीकरण आपण तीन-तीन तासांचे करतो, आजींचे एक तासाचे होऊ द्या.

३१ जुलैच का, हे धुळेकरांना सांगायला नको. १९३७ साली त्याच तारखेला बाबासाहेब कोर्टाच्या कामासाठी धुळ्याला आले होते आणि लळिंगजवळच्या लांडोर बंगल्यावर मुक्कामी होते. दरवर्षी त्या दिवशी आपली माणसे तेथे जमतात. यंदा वहिनींच्या घरच्यांनीही जावे. जाताना भाकरीच्या गाठोड्याबरोबर ती पुरी झालेली वही न्यावी आणि आजींना जमले तर गाडीत पुढच्या सीटवर बसवून न्यावे.