द्वारकेवर स्क्रीन वाचता आली पाहिजे

सार्वजनिक सायकलींच्या अ‍ॅपचे रूप सुधारा, असे म्हटले की दोन उत्तरे ठरलेली असतात. एक नागरिकाचे : आधी रस्ते करा, सायकल ट्रॅक करा, चोऱ्या थांबवा, अ‍ॅप देखणे असून काय उपयोग? दुसरे अ‍ॅप बनवणाऱ्यांचे : नवा लोगो, नव्या रंगछटा, नकाशावर सरकणारी छोटी सायकल, झाली सुधारणा. वरवर ही मते एकमेकांच्या विरुद्ध आहेत, पण दोन्हींच्या मुळाशी समज एकच, की रूप म्हणजे सजावट. माझे भांडण त्या समजाशी आहे.

नागरिकाच्या म्हणण्यात खरे आहे ते आधी मान्य करतो. 2017 च्या अखेरीस पुण्यात विद्यापीठात आणि औंधमध्ये झूमकारच्या ‘पेडल’ सायकली आल्या, मागोमाग ओफो, मोबाइक, युलू आल्या. 2018 साली नाशिक स्मार्ट सिटीने हेक्सीच्या सायकली रस्त्यावर आणल्या. दोन्ही शहरांत सायकलींची मोडतोड झाली आणि थोड्याच काळात त्या रस्त्यांवरून दिसेनाशा झाल्या. बटणाचा रंग बदलल्याने त्या वाचल्या असत्या, असे मी म्हणणार नाही. मुंबई-आग्रा महामार्ग आणि पुणे रस्ता जिथे मिळतात, त्या नाशिकच्या द्वारका चौकातून सायकल काढणे धोक्याचे आहे आणि तो धोका कोणतेही अ‍ॅप दूर करू शकत नाही.

पण ‘आधी रस्ते, मग अ‍ॅप’ हा क्रम मला मान्य नाही. पूर्वी तासावर सायकल भाड्याने मिळायची. दुकानदार हवा दाबून बघायचा, ब्रेक ओढून बघायचा, दर सांगायचा, वहीत नाव लिहायचा आणि कुठली सायकल नेऊ नका तेही सांगायचा. आजच्या योजनेत तो माणूस नाही. त्याचे सगळे काम स्क्रीनवर येऊन पडले आहे. स्क्रीनने ते नीट केले नाही तर रस्ता कितीही गुळगुळीत असो, गिऱ्हाईक पहिल्याच दिवशी तुटते.

याचा पुरावा पॅरिसमध्ये आहे. 2007 साली तिथे ‘वेलिब’ ही सार्वजनिक सायकल योजना सुरू झाली. बिघडलेली सायकल ओळखता यावी म्हणून लोकांनी स्वतःच एक खूण रूढ केली : तिचे सीट उलटे फिरवून ठेवायचे. लांबून बघणाऱ्यालाही कळते, ही घेऊ नये. यंत्रणेने जे दाखवायला हवे होते ते लोकांनी सीट फिरवून दाखवले. दृश्यरचना म्हणतात ती हीच. नकाशावर ‘पाच सायकली’ असा आकडा आला आणि त्यातल्या तीन सायकलींची साखळी उतरलेली निघाली, तर तो आकडा खोटा ठरतो. चालू सायकली वेगळ्या दिसाव्यात, त्याही केवळ हिरव्या-लाल रंगाने नव्हे, कारण तो फरक अनेक पुरुषांच्या डोळ्यांना कळत नाही. आकार बदला, खूण बदला. आणि ‘ही सायकल बिघडली आहे’ हे बटण तीन पडद्यांआड न ठेवता कुलूप उघडण्याच्या बटणाशेजारी ठेवा. मोडतोड वेळेवर कळण्याचा तोच सर्वांत स्वस्त मार्ग आहे.

आता द्वारका. पुण्याहून आलेला माणूस हातात पिशवी घेऊन इथे उतरतो. त्याला काठे गल्लीत जायचे असते किंवा भद्रकालीकडे. अ‍ॅप सांगते, सायकल अगदी जवळ आहे. ते अंतर सरळ रेषेत मोजलेले असते. सायकल चौकाच्या पलीकडे असेल, तर मध्ये महामार्गाची वाहने आहेत, डोक्यावर उड्डाणपूल आहे, आणि पायी जाणाऱ्यांसाठी बांधलेला भुयारी मार्ग वर्षानुवर्षे जवळपास ओसच राहिला आहे. पुलाखाली उपग्रहाचे सिग्नल अडतात, त्यामुळे नकाशावरचा ठिपका स्वतःच इकडून तिकडे उडतो. म्हणून ठिपक्यासोबत चौकाची बाजू शब्दांत लिहिलेली हवी : ‘काठे गल्लीकडची बाजू’, ‘सारडा सर्कलकडची बाजू’. अंतर मीटरमध्ये नको, रस्ता ओलांडावा लागेल की नाही ते हवे. इतके साधे दोन शब्द पादचाऱ्याला चुकीच्या क्षणी धावण्यापासून वाचवू शकतात. याला सजावट कसे म्हणायचे?

दुसऱ्या पक्षाशी, म्हणजे रंग बदलून सुधारणा झाली म्हणणाऱ्यांशी, माझा वाद मराठी अक्षरांवरून आहे. इंग्रजीसाठी आखलेल्या चौकटीत मराठी मजकूर ओतला जातो आणि ‘भाषेचा पर्याय दिला’ अशी नोंद होते. इंग्रजीत बटण ठळक करायला मोठी (कॅपिटल) लिपी वापरतात. देवनागरीत मोठी-लहान लिपी नाही. अक्षरांतले अंतर वाढवले की शिरोरेघ तुटते. ओळींची उंची इंग्रजीइतकीच ठेवली की वरची वेलांटी नि खालचा उकार कापले जातात. हे सोडवायला पैसे लागतात असेही नाही. मुंबईच्या ‘एक टाइप’ या संस्थेचा ‘मुक्ता’ हा स्वच्छ टंक सर्वांसाठी मोफत खुला आहे. लागते ते फक्त मराठी वाचणारा माणूस समोर ठेवून आखण्याचे मन.

मग फिकट करड्या बारीक अक्षरांची फॅशन. वातानुकूलित खोलीत ती नाजूक दिसते. मे महिन्यात दुपारी द्वारकेवर उभे राहिले की स्क्रीनवर स्वतःचा चेहरा दिसतो, अक्षरे दिसत नाहीत. मजकूर आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणाचे प्रमाण निदान साडेचारास एक असावे, असा आंतरराष्ट्रीय निकषच आहे. उन्हात वापरायच्या अ‍ॅपने त्याच्याही पुढे जावे. विशेषतः भाड्याचा आकडा कुलूप उघडण्याआधी आणि सगळ्यांत मोठ्या अक्षरांत दिसावा. पैसे कापल्यावर दर कळणे ही फसवणूक आहे, मग ती छोट्या टंकात का असेना.

नाशिकचा 2027 चा सिंहस्थ कुंभमेळा तोंडावर आहे. सार्वजनिक सायकलींची योजना पुन्हा कधी निघाली, तर निविदेत सायकलींच्या संख्येइतकीच स्पष्ट अट असावी : अ‍ॅपची चाचणी दुपारी बारा वाजता द्वारका चौकात, इंग्रजी न वाचणाऱ्या माणसांच्या हाती फोन देऊन घ्यावी, आणि त्यांना कोणाला न विचारता चालू सायकल सापडेपर्यंत ठेकेदाराचे पहिले बिल काढू नये.